पाच शिलिंगची कथा

चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही लघुकादंबरी १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिची किंमत पाच शिलिंग होती आणि कथेतल्या बॉब क्रॅचिट या कारकुनाला कंजूष स्क्रूजच्या पेढीत आठवड्याला पंधरा शिलिंग मिळत होते. म्हणजे ज्याच्या घरच्या नाताळासाठी वाचक हळहळले, त्याला ही कथा विकत घ्यायची तर आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता.

ही विसंगती बोचते, कारण कथेचा जन्म संतापातून झाला होता. खाणी-कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी आयोगाचा अहवाल वाचून डिकन्सने आधी आवाहनाची एक पुस्तिका काढायचे योजले होते. तो बेत मागे पडला, पण त्याच सुमारास त्याने लंडनमधली ‘रॅगेड स्कूल’, म्हणजे चिंध्या पांघरलेल्या निराधार मुलांसाठीची धर्मादाय शाळा, पाहिली आणि पुढे सुमारे सहा आठवड्यांत पुस्तक हातावेगळे केले. वडील कर्जापायी तुरुंगात असताना, बाराव्या वर्षी, बूटपॉलिशच्या बरण्यांना लेबले चिकटवण्याचे काम त्याने स्वतः केले होते. म्हणूनच कथेत स्क्रूजला भेटणाऱ्या चालू नाताळाच्या भुताच्या झग्याआडून अज्ञान आणि दैन्य ही दोन खंगलेली मुले बाहेर येतात, तो प्रसंग गाळणाऱ्या रूपांतरांना या कथेचे रूपांतर म्हणणे कठीण आहे.

पुस्तक ज्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, त्यांच्यापर्यंत आवाज पोहोचला. डिसेंबर १८५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या नगरभवनात, एका शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठी, डिकन्सने ही कथा जाहीरपणे वाचली आणि या वाचनांपैकी एक खास कामगारांसाठी, सहा पेन्स तिकिटात, ठेवण्याचा आग्रह धरला. पाच शिलिंगचे साठ पेन्स होत असल्याने ही पुस्तकाच्या किमतीची दशांश रक्कम होती. पहिले वाचन जवळपास तीन तास चालले. पुढे त्याने एका छापील प्रतीची पाने सुटी करून मोठ्या कोऱ्या कागदांवर डकवली, परिच्छेदच्या परिच्छेद खोडले, स्वर कुठे बदलायचा याच्या सूचना समासात लिहिल्या, आणि अशी काटछाट होत होत वाचन दीड तासाच्या आत आले. ती शाईने भरलेली प्रत आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे, आणि आपल्याच गाजलेल्या मजकुरावर इतक्या निष्ठुरपणे कात्री चालवणारा लेखक विरळाच म्हटला पाहिजे. १५ मार्च १८७० रोजी लंडनमध्ये झालेल्या अखेरच्या जाहीर वाचनातही ही कथा होती. त्याच वर्षी जूनमध्ये तो वारला.

सणाच्या निमित्ताने वाचनाची खास शिदोरी देण्याची रीत त्याने नियतकालिकातही रुजवली. ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या त्याच्या दोन पेन्स किमतीच्या साप्ताहिकाने १८५० पासून दर वर्षी नाताळ अंक काढला, आणि इंग्रजी नियतकालिकांत असे अंक पुढे नित्याचे झाले. का. र. मित्र यांनी त्याच धर्तीवर १९०९ साली ‘मनोरंजन’ या मासिकाचा दिवाळी अंक काढला, मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून तोच ओळखला जातो.