खिडकीखालची भिंत

आमची बोट सहा सिलिंडरची होती. पावसाळ्यात हर्णैचा किनारा उघडा पडतो, म्हणून मे महिना संपता संपता बोट आंजर्ल्याच्या खाडीत न्यायची, वर ओढायची आणि झावळ्यांनी शाकारायची. आता 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची सरकारी बंदीच असते. ते दिवस आम्हांला सुट्टीचे कधीच नव्हते. जाळी शिवायची, इंजीन खोलायचं, रंग खरवडायचा.

मी बारावी झालो त्या वर्षी कामात एक भर पडली. बाबांचे गुडघे गेले होते, सोसायटीचं कर्ज होतं आणि मला पुढं शिकायचं होतं. बाबांनी बोट विकायला काढली. खाडीपलीकडचे एक नाखवा नारळी पुनवेच्या आत येऊन बघून जाणार होते. बाकी बोट ठीक होती, पण केबिन आतून फार वाईट दिसत होती.

केबिनची आतली भिंत प्लायवूडची, त्यावर सनमायका चिकटवलेला. खलाशांच्या डोक्याचं तेल आणि डिझेलचा धूर बसून तो काळपट झाला होता. खिडकीखाली तर फुगून सुटलाच होता. त्याच भिंतीला डोकं लावून मी लहानपणी माच्यावर झोपायचो.

"जुना काढ, नवा चढव. दोन दिवसांचं काम हाय," बाबा म्हणाले.

मेस्त्री आले. मी पटाशीनं सनमायका उचलायला लागलो. सुटलेला भाग पापडासारखा हातात आला. खिडकीखाली मात्र सनमायकाबरोबर प्लायचे थरही सुटले आणि ओल्या भुशाचा वास आला. मेस्त्रींनी आतल्या बरगडीला स्क्रू-ड्रायव्हर लावला. तो मुठीपर्यंत आत गेला. शेजारच्या दोन बरगड्यांतही तसाच.

"समुद्राचं पाणी नाय हे," मेस्त्री म्हणाले. "खारं पाणी लाकूड राखतं रे. खातं ते गोडं पाणी. खिडकीच्या स्क्रूमधनं पाऊस झिरपलाय, आणि वर हा सनमायका. वाळणार कुठनं? तीन बरगड्या बदलायला हव्यात. आठ दिवस धरा."

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेवढे पैसे नायत. वर पातळ प्लाय ठोक नि सनमायका मार."

मेस्त्रींनी हत्यारं पिशवीत भरली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. निरोपही आला नाही.

ते काम मी केलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला कॉलेजची फी दिसत होती.

पावसात चिकटवायचं काम अवघड. हवेत ओल असली की रबरी सोल्यूशनवर पांढुरका थर येतो आणि मग ते धरत नाही. दोन दिवस उघडीपीची वाट बघितली. जुनं सोल्यूशन खरवडलं, काचपेपर मारला. नवं सोल्यूशन दोन्ही अंगांना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलो. एकदा टेकला की हा पत्रा हलवता येत नाही, म्हणून मध्ये लाकडी पट्ट्या ठेवल्या आणि एकेक ओढत मधून कडेकडे दाबत गेलो. कडा कानशीनं घासल्या. भिंत आरशासारखी झाली. एकवीरा आईचं कॅलेंडर परत लावलं. मला माझ्या कामाचा अभिमानच वाटला, हे खोटं कशाला सांगू?

नाखवा आले, बरोबर त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. त्यांनी इंजीन ऐकलं, तळ ठोकून पाहिला. केबिनमध्ये शिरताच म्हणाले, "वा, घरासारखी ठेवलीत की!" मुलगा तोवर माच्यावर चढून आडवा झाला होता, डोकं खिडकीखाली.

बाबा त्या पोराकडे बघत राहिले.

"नाखवा, तिथं वाजवून बघा," ते म्हणाले.

नाखवांनी बोटाच्या पेरानं ठोकलं. मागे आधारच नव्हता, डबडब असा पोकळ आवाज आला. बाबांनी माझ्याकडे हात केला. मी पटाशी दिली. चांगला बसलेला सनमायका अखंड निघत नाही, तुकडे उडाले. पाच-सहा फटक्यांत कुजकी बरगडी उघडी पडली. माझी मान वर होईना.

नाखवा हात फिरवून म्हणाले, "सांगितलंत म्हणून घेतो. पण भाव उतरेल."

40 हजार उतरले. सोसायटी फिटली, फी नाही. त्या रात्री घरात कुणी जेवताना बोललं नाही. आई फक्त म्हणाली, "पोराचं वर्ष गेलं." बाबांनी ताट सरकवलं.

मेस्त्री दुसऱ्या दिवशी बोलावल्याशिवाय आले. नाखवांनी सागाच्या तीन बरगड्या घातल्या, खिडकी काढून नीट बसवली. बाबा दुखऱ्या गुडघ्यांनी रोज तिथं जाऊन बसत. मीही जायचो, पण बाबांशी बोलत नव्हतो.

नारळी पुनवेनंतर मी त्याच बोटीवर खलाशी म्हणून गेलो. एका हंगामात फीपुरते पैसे जमले. पहिल्या रात्री नाखवांनी मला तोच माचा दिला. भिंतीवर सनमायका अजून लावला नव्हता, नुसतं नवं लाकूड होतं. त्याला डोकं लावून पडलो, सागाचा वास येत होता. मग उठून दोनदा ठोकून बघितलं, आणि झोपलो.