वरण बंद करण्याआधी

ऋतुजा,

तुझ्या अर्णवचा अ‍ॅलर्जीच्या रक्ततपासणीचा अहवाल तुझ्या आईनं दाखवला. शेंगदाण्याबरोबर मसूर, वाटाणा, सोयाबीन यांचेही आकडे वाढलेले दिसले म्हणून तू घरातल्या सगळ्या डाळी बंद केल्यास. तुझी भीती मला कळते. पण चार वर्षांच्या पोराच्या ताटातलं वरण काढून घेण्याआधी एवढं वाच.

भुईमूग द्विदल कुळातला. तूर, मसूर, वाटाणा, मेथी ही त्याची भावंडं. अंकुर पोसण्यासाठी ही झाडं बियांत प्रथिनं साठवतात आणि एका कुळातली असल्यानं त्या प्रथिनांची घडणही जुळते. त्यामुळे शेंगदाण्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली अ‍ॅलर्जीची आयजीई प्रतिपिंडं मसुराच्या प्रथिनालाही थोडीफार चिकटतात. तपासणीत दिसतं ते एवढंच. त्यावरून मसूर खाल्ल्यावर त्रास होईलच असं ठरत नाही. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच पडताळलं होतं. प्रत्यक्ष खाऊ घालून द्विदल अन्नाची अ‍ॅलर्जी सिद्ध झालेल्या ४१ मुलांपैकी एकाहून अधिक द्विदलांचा त्रास फक्त दोघांना झाला. म्हणून जी डाळ अर्णव आजवर बिनतक्रार खात आला, ती केवळ कागदावरच्या आकड्यासाठी तोडू नये असं मला ठामपणे वाटतं. डॉक्टरांशी बोल आणि वरण पुन्हा सुरू कर.

उलट, ज्यांचं कूळ वेगळं तेही कधी जुळतात. तुमच्या ओस्लोत वसंतात बर्चचे पराग उडतात. त्या परागातल्या प्रथिनासारखं एक प्रथिन सफरचंदात, हेझलनटमध्ये आणि शेंगदाण्यातही असतं. शेंगदाण्यातल्या त्या प्रथिनाला आरा एच ८ म्हणतात. त्यानं बहुधा तोंड खाजण्यावर निभावतं. शेंगदाण्यातलंच दुसरं प्रथिन आरा एच २ मात्र भाजूनही टिकतं, पोटातही टिकतं, आणि जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन बहुतेकदा त्याच्यामुळे येते. अर्णवचा आकडा यांपैकी कशामुळे वाढलाय, ते आवर्जून विचार. तातडीनं टोचायचं अ‍ॅड्रेनलिनचं पेन दिलं असेल तर ते शाळेच्या दप्तरातही हवं.

दोन गोष्टींत मात्र ढिलाई नको. ल्युपिन या द्विदलाचं पीठ युरोपात पावात, पास्त्यात घालतात आणि शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवाल्यांना ते बाधल्याची उदाहरणं बरीच आहेत. म्हणून २००६ पासून पाकिटावर नाव छापणं सक्तीचं असलेल्या अ‍ॅलर्जीकारक पदार्थांच्या युरोपीय संघाच्या यादीत ते आलं. दुसरी मेथी. नॉर्वेतल्याच संशोधकांनी शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीशी तिचं नातं दाखवलंय, पण त्या यादीत मेथी नाही. करी पावडर घातलेल्या तयार पदार्थाच्या पाकिटावर नुसतं 'मसाले' लिहिलेलं असलं तरी आत ती असू शकते.

मागच्या पार्सलातल्या मेतकुटात आणि कैरीच्या लोणच्यात मेथी आहे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत दोन्ही अर्णवला देऊ नकोस. पुढच्या वेळी मेतकूट बिनमेथीचं करून पाठवते.

तुझी,
मावशी