सामाईक पेटी

मराठीतील ‘वाटणे’ हे क्रियापद मोठे मासलेवाईक आहे. देवळात प्रसाद वाटतात आणि कोर्टात घर वाटतात. पहिल्या वाटण्याने देणाऱ्याचा आनंद वाढतो. दुसऱ्याने बहुधा दोन्ही पक्षांची झोप उडते. आमचा व्यवसाय वकिलीचा, त्यामुळे आमच्या नशिबी हे दुसरे वाटणेच अधिक आले. सरस-निरस मानाने वाटप, माडांची मोजदाद, विहिरीवर जाण्याची सामाईक वाट, यांतच आमची बरीच वर्षे गेली. म्हणून आमचा पुतण्या जेव्हा म्हणाला, “काका, आता घरातल्या फाईली आणि प्रिंटर शेअर करून टाकू,” तेव्हा त्या ‘शेअर’चे आम्ही मनातल्या मनात ‘वाटणी’ असे भाषांतर केले आणि सावध झालो.

आमचे घर फोंडा महालातले, जुने, चौसोपी. छप्पर एक, चुली दोन. राजांगणाच्या अलीकडे आम्ही आणि पुढच्या सोप्यात आमची कचेरी. पलीकडे आमच्या दिवंगत वडील बंधूंचे कुटुंब, म्हणजे वहिनी आणि हा पुतण्या. देवघर मात्र वाटले गेले नाही. ते दोहोंच्या मध्ये, जिथल्या तिथे आहे. प्रिंटर आमच्या कचेरीत असल्यामुळे पलीकडच्या माणसाला एक कागद छापायचा झाला, तर भर श्रावणात पेनड्राइव्ह पदराखाली झाकून राजांगण ओलांडावे लागे. हा त्रास वाचवावा, एवढाच पुतण्याचा मूळ हेतू होता.

पहिला अडथळा भिंतींचा आला. चिऱ्याच्या जाड भिंती बिनतारी लहरींना दाद देत नाहीत. राउटरचा संदेश देवघरापाशी येऊन क्षीण होई. तेव्हा वाशांच्या कडेने तार नेली. ही तार शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार काम देते. आमच्या घराला तिसाचीही गरज पडली नाही. पुढचे काम यंत्रांशी बोलण्याचे. विंडोजमध्ये आपले जाळे ‘खासगी’ की ‘सार्वजनिक’ हे आधी सांगावे लागते. घरी खासगी म्हणावे आणि मग यंत्रांनी एकमेकांना दिसण्याची व फाईल-प्रिंटर देण्याघेण्याची मुभा चालू करावी. पण हाच लॅपटॉप जत्रेच्या दिवसांत देवळाच्या अग्रशाळेतील वाय-फायला जोडला, तर तेथे मात्र ‘सार्वजनिक’ हेच उत्तर द्यावे, म्हणजे यंत्र आपली दारे लावून घेते. अग्रशाळेत उतरलेली माणसे चांगलीच असतात. तरी तेथे कोणी आपली तिजोरी उघडी टाकून निजत नाही.

इतके झाल्यावरही पलीकडच्या यंत्राला आमचे यंत्र आत घेईना. पुतण्या वैतागला. त्याने दारात वापरायचा चार आकडी पिन पुन्हा पुन्हा घातला. पण हा पिन ज्या यंत्रावर ठरवला त्याच्यापुरताच असतो. जाळ्यावरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज दुरून आत घेतच नाही. हा नियम आम्हांला फार आवडला. समोर उभ्या असलेल्या माणसाची ओळख वेगळी आणि कागदावरून आलेल्या माणसाची वेगळी, हे आम्ही कोर्टात रोज पाहतो.

परवानग्यांचा भाग तर थेट आमच्याच विषयातला निघाला. एखादे फोल्डर खुले केले की पुन्हा तीन गोष्टी ठरवायच्या: कोणी नुसते वाचावे, कोणी बदलावे आणि कोणाला पूर्ण अधिकार असावा. यातही दोन कुलपे असतात. एक जाळ्याच्या दाराशी, दुसरे खुद्द डिस्कवरच्या फोल्डराला. आणि दोहोंतले जे कडक तेच चालते. महाद्वारातून आत आला म्हणून कोणी गर्भागारात जात नाही, तसे हे आहे. पुष्कळ लोक घाईने ‘सर्वांना पूर्ण अधिकार’ देऊन मोकळे होतात. त्यांच्या मुलांच्या वाटणीचे दावे पुढे आमच्यासारख्यांकडे येतात, असे आम्ही थट्टेने म्हणतो.

आमच्या कचेरीचे फोल्डर मात्र आम्ही जाळ्यावर ठेवू दिले नाही. पुतण्या किंचित दुखावून म्हणाला, “काका, म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?” प्रश्न विश्वासाचा नव्हता. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलाची नसते, पक्षकाराची असते. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात हे कलम १२६ होते. १ जुलै २०२४पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १३२ आहे, आणि वकिलाच्या कारकुनालाही ते बांधून घेते. पुतण्याला ते बांधत नाही, म्हणूनच त्याला ते फोल्डर दिसता कामा नये. हे ऐकून त्याचा चेहरा निवळला.

खरी गोष्ट पुढेच आहे. वहिनी इतका वेळ देवघराच्या उंबऱ्याशी बसून फुलवाती वळीत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, “भावजी, म्हाका ते कागद पळोवंक मेळटले मूं?”

‘ते कागद’ म्हणजे घरच्या शिसवी पेटीतले. पोर्तुगीज अमदानीतील इश्क्रितूर, जमिनीच्या नोंदी, एक-चौदाचे उतारे, आजोबांच्या हातची कुळांची टिपणे. या पेटीची किल्ली आमच्या वडिलांच्या जानव्याला असे. त्यांच्यानंतर ती वडील बंधूंकडे गेली आणि त्यांच्यामागून, घरातला वकील म्हणून, आमच्याकडे आली. वहिनी या घरात आल्याला तीस वर्षे होऊन गेली. पेटीतला एक कागद त्यांनी उलगडून पाहिला नव्हता. आणि कायदा काय म्हणतो? १८६७चा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यात १८७० साली लागू झाला. लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एक होते आणि तिच्यात पत्नीचा अर्धा हिस्सा असतो, हे त्याचे तत्त्व येथे आजही टिकून आहे. आम्ही इतर गावांच्या स्त्रियांना हे तत्त्व कचेरीत बसून समजावून सांगतो. अर्धा हिस्सा कायद्याने मिळतो. पण तो कशाचा अर्धा, हे पेटीतल्या कागदांवाचून कळत नाही.

मग सगळे कागद स्कॅन करायचे ठरले. आठ दिवस आम्ही दोघे वाळवीने खाल्लेले कागद पिसाने झाडून एकेक यंत्राखाली ठेवीत होतो. येथे आमचे जुने स्कॅनर आडून बसले. फोल्डरात परस्पर फाईल टाकायची तर त्याला फाईल-वाटपाची अगदी पहिली, जुनाट बोली लागे, जी विंडोजने २०१७पासून नव्या मांडणीत आपण होऊन बसवणे बंद केले आहे. पुतण्या ती पुन्हा चालू करायला निघाला होता. आम्ही नको म्हटले. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला, इंग्लंडातील सरकारी रुग्णालयांची कामे खोळंबली, ती याच बोलीतल्या एका भोकातून. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. पुष्कळांनी ती बसवली नव्हती. आम्ही स्कॅनर तारेने सरळ लॅपटॉपला जोडले. वेळ अधिक गेला, पण रात्री झोप लागली.

फाईली आमच्या कचेरीच्या यंत्रावर ठेवून वहिनींच्या खात्याला ‘वाचण्याची’ परवानगी द्यावी, असे पुतण्याने सुचवले. वहिनी म्हणाल्या, “आणि भावजी मडगावच्या कोर्टात गेले, यंत्र बंद असले, म्हणजे?”

त्या संगणकाविषयी फारसे जाणत नाहीत. पण कोणत्याही न्यायमूर्तीने विचारावा असा हा प्रश्न होता. आमच्या यंत्राला लटकलेला प्रिंटर आणि आमच्या डिस्कवरचे फोल्डर, दोन्ही आमच्या बटणाच्या हुकमात. आम्ही यंत्र बंद केले की पलीकडे अंधार. शिवाय आपल्या यंत्राचा मुख्य अधिकारी आपणच असल्यामुळे दिलेली परवानगी कधीही काढून घेता येते. दुसऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या वाटेला आम्ही कोर्टात वहिवाटीचा हक्क म्हणत नाही. तिला नुसती परवानगी म्हणतो, आणि परवानगीवर दावा चालत नाही.

तेव्हा मांडणीच बदलली. प्रिंटरच्या पाठीला जाळ्याच्या तारेची खोबण होतीच. तो कचेरीतून उचलून देवघराशेजारच्या पडवीत, सरळ राउटरला जोडला. राउटर यंत्रांना पत्ते देतो आणि वीज गेल्यावर ते बदलूही शकतो. म्हणून प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला. आता कोणाचेही यंत्र बंद असले तरी छपाई अडत नाही. त्याच कोनाड्यात जाळ्याला जोडण्याची एक लहानशी डिस्क बसवली आणि पेटीतले कागद तिच्यावर ‘सामाईक’ या नावाच्या फोल्डरात ठेवले. आमचे खाते निराळे, वहिनींचे निराळे, आणि दोघांनाही फक्त वाचण्याचा अधिकार. भर घालायची असेल तर मुख्य पासवर्ड लागतो. तो लखोट्यात घालून, जोडावर दोघांच्या सह्या करून, देवघरातल्या फडताळात ठेवला आहे. मे महिन्याच्या अखेरीस इकडे विजा कडाडतात, एका लोळात सगळे जळून जायचे. म्हणून एक प्रत वेगळ्या डिस्कवर वहिनींच्या कपाटात आहे. तिची किल्ली त्यांच्याच कमरेला असते.

वहिनींनी पहिल्या आठवड्यात तीन इश्क्रितूर छापून घेतले. पोर्तुगीज त्यांना येत नाही; पुतण्या एकेक ओळ लावून सांगतो, अडेल तेथे आम्हांला हाक मारतात. परवा त्यांनी एका माडाच्या बागेचे नाव बोटाने दाखवून ती आता कोणाकडे आहे, असे विचारले. उत्तर लांबलचक होते. आम्ही ते सगळे दिले.

शाईचा आणि कागदाचा खर्च कोणी किती सोसावा, हा मुद्दा अद्याप अनिर्णित आहे. तूर्त पलीकडून कागदाची रिमे येतात आणि शाई आम्ही भरतो.