आधी ऊब, मग घास

कासव आजारी पडलं आहे हे घरात कुणाला लवकर कळतच नाही, हीच खरी पंचाईत. गाय हंबरते, मांजर कोपरा धरतं, कुत्रं ताटलीकडे पाठ फिरवतं. कासव एरवीही गप्पच. आठ दिवस खाल्लं नाही तरी आपण म्हणतो, थंडीनं सुस्तावलं असेल. माणूस वाळला की गालावरून ओळखू येतो, पण कासवाचं कवच आहे तेवढंच दिसतं. ते बारीक झालंय का हे पाहायचं तर मागच्या पायाजवळ, कवचाच्या कडेशी बोट लावावं लागतं. तिथली कातडी भरलेली हवी. बंडूच्या तिथं खळगा होता, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती आणि दोन्ही डोळे सुजून मिटलेले होते.

बंडू माझ्या धाकट्या दिरांनी आणलेला. पुण्याला असताना लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला त्यांनी तो आणला, तेव्हा रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, हिरवागार आणि कानाजवळ लाल पट्टा असलेला. २०२३ च्या जूनमध्ये दीर हृदयविकारानं गेले. त्या वर्षी दिवाळी नव्हतीच, पण शाळेची सुट्टी होती. त्या सुट्टीत पुण्याचं बिऱ्हाड मोडून मायलेकी आमच्याकडे मंगळवार पेठेत राहायला आल्या. सामान टेंपोतून आलं आणि बंडू पुतणीच्या मांडीवर, प्लॅस्टिकच्या टबात, एस. टी.तून. पाच महिने माझ्या जावेला स्वतःच्या ताटात काय आहे याची शुद्ध नव्हती, तिथं टबाकडे कोण बघणार? तिला कुणी बोल लावला नाही, आणि लावूही नये.

पुतणी दहा वर्षांची. वडील गेले तेव्हा ती फारशी रडली नव्हती म्हणे. आल्या दिवशी रात्री सगळी निजानीज झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काकी, हा पण जाणार का?”

आता अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं! मी म्हटलं, “उद्या डॉक्टरांना विचारू.”

सकाळी शेजारच्या मावशी टबात डोकावून गेल्या. “अवं, रंकाळ्यात सोडा की! तितं खाईल काय पायजे ते. जीव बी वाचंल आन् पुण्य बी लागंल.” मावशींचं मन मोठं, पण हा सल्ला कुणी ऐकू नये. हे लाल पट्ट्याचं कासव मुळात आपलं नव्हेच. ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानातून घरी येतं, वाढतं, मग नकोसं होतं आणि तळ्यात जातं. तिथं ते आपल्या देशी कासवांच्या तोंडचं खातं आणि त्यांच्या उन्हाच्या जागा बळकावतं. जगातल्या सर्वांत त्रासदायक अशा शंभर परक्या जीवांच्या यादीत याचं नाव आहे. धडधाकट सोडलं तर तळ्याचं नुकसान, आणि बंडूसारखं आंधळं, अशक्त सोडलं तर ते दोन दिवसांत बुडून मरणार. यात पुण्य कुठलं?

जनावरांचे डॉक्टर आमच्याकडे मुख्यतः म्हशी आणि कुत्री बघणारे. पण भला माणूस, त्यांनी तिथल्या तिथं पुण्यातल्या आपल्या मित्राला फोन लावला आणि बंडूला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. पुढच्या पायांची नखं आखूड, म्हणजे ही मादी, हे त्यांनीच सांगितलं. (नाव बदलायला पुतणी तयार झाली नाही. बंडू तो बंडूच.) डोळे सुजले ते अ जीवनसत्त्वाच्या अभावानं. दुकानात डबीतून मिळणारे सुकवलेले बारीक झिंगे हाच तिचा चार वर्षांचा आहार, आणि त्यात दम काही नसतो. डोळे मिटले म्हणून खाणं दिसेना, दिसेना म्हणून खाईना. कवचाची कडही बोटानं किंचित दबत होती, ती चुना कमी पडल्यानं आणि उन्हाचा कवडसाही न मिळाल्यानं. मी विचारलं, “मग आज काय भरवू?” डॉक्टर म्हणाले, “आज काहीच नाही.”

मला ते चमत्कारिकच वाटलं. उपाशी जीव समोर आणि खायला द्यायचं नाही? पण त्यांनी समजावलं ते गृहिणीला चटकन पटण्यासारखं आहे. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, बाहेरची ऊब मिळेल तेवढाच त्याचा जठराग्नी. गार पडलेल्या आणि सुकलेल्या कासवाच्या पोटात घास ढकलला तर तो पचत नाही, आतच कुजतो. म्हणून आधी ऊब, मग पाणी आणि सगळ्यांत शेवटी अन्न. आपणही लंघनातून उठलेल्या माणसाला आधी पेजच देतो, पुरणपोळी वाढत नाही.

ऊब द्यायला ह्यांनी बाजार पालथा घालून जुन्या पद्धतीचा पिवळा साठचा बल्ब आणला. एलईडीचा उपयोग नाही, तो तापत नाही. टबाच्या एका टोकाला सपाट दगड ठेवला आणि त्याच्या वर हातभर अंतरावर बल्ब टांगला, म्हणजे ऊब हवी तर दगडावर, नको तर दुसऱ्या टोकाला. दगडावर बत्तीस अंशांच्या आसपास आणि पाणी सव्वीस-सत्तावीस, एवढं राखायचं. साधं थर्मामीटर टबाला बांधून ठेवलं. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे चांगलंच गारठतं, तेव्हा टब न्हाणीघराजवळून उचलून माजघरात आला. सासूबाईंची कुरकुर झाली, पण देवळात देवासमोर कासव असतंच की, असं त्यांनी स्वतःच म्हणून टाकलं.

पाण्याचं प्रकरण नाजूक. निरोगी बंडूला पोहता येईल इतकं खोल पाणी हवं, पण अशक्त कासवाला मान वर धरवत नाही, ते पाण्यातलं असूनही पाण्यातच बुडतं. म्हणून सुरुवातीला हनुवटीपर्यंतच, कोमट, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून त्यातला औषधाचा वास जाऊ द्यायचा. डॉक्टरांनी दोनदा सलाईन मागच्या पायाजवळच्या सैल कातडीखाली टोचलं. चौथ्या दिवशी पाण्यात काहीतरी पांढरट दिसलं. ती लघवी, म्हणजे मूत्रपिंड चालू आहे, असं फोनवर कळलं आणि आम्ही जावाजावा अशा हरखलो की विचारू नका! घरात कुणाच्या परीक्षेचा निकालसुद्धा इतक्या आनंदानं ऐकला नसेल.

अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन डॉक्टरांनीच दिलं. ते घरच्या घरी करू नये, जास्त झालं तर कातडी सोलवटते. तोंड उघडून बळेबळे भरवायचाही प्रयत्न करू नये, जबडा दुखावतो. आमचं काम एवढंच, की सलाईनमध्ये भिजवलेल्या कापसानं डोळे पुसायचे आणि वाट बघायची. सासूबाई म्हणत, कासवीण पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते. इथं पुतणी तासन्तास टबाशी बसून नेमकं तेच करत होती.

अकराव्या दिवशी डावा डोळा किलकिला झाला. हलणारं खाणं आधी दिसतं, म्हणून पोरीनं जास्वंदीच्या कुंडीतलं गांडूळ काढून पाण्यात सोडलं. बंडूनं मान लांब केली, एकदा नेम चुकला, दुसऱ्यांदा गट्ट! माझी जाऊ तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होती. ती उठून आली आणि टबाशी लेकीच्या शेजारी खाली बसली. आल्यापासून अशी ती पहिल्यांदाच बसली.

पुढचं सोपं होतं. एक दिवसाआड, डोक्याएवढा होईल इतकाच घास. काट्यासकट बारीक मासळी, किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं. पालक नको, तो चुना अंगी लागू देत नाही. दूध, पाव, चुरमुरे, भात हे मुळीच नको. कुणी कितीही प्रेमानं आणलं तरी. चुन्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन आणून तुकडा पाण्यात ठेवला, आणि सकाळचं कोवळं ऊन गच्चीवर, काचेआडून नव्हे, कारण उन्हातला उपयोगी भाग काच अडवते. अर्धी बाजू सावलीत ठेवायची आणि घारी-कावळ्यांवर नजर.

बंडूसाठी वेगळा वजनकाटा घेतला. हे म्हणाले, “गुजरीत सोनं तोलतात तसं तोलताय!” पहिलं वजन २४८ ग्रॅम. चार दिवसांनी २५९, पण ते नुसतं पाणी, मांस नव्हे. मग तीन आठवडे काटा हलेना. जानेवारीअखेर २७१, मार्चमध्ये २९८. कासवाला वाळायला महिने लागतात आणि भरायलाही तेवढेच.

एक मात्र घरोघरी सांगावंसं वाटतं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे, टायफॉईडच्या गोत्यातले जंतू असू शकतात, कासव निरोगी दिसलं तरी. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासव पाळायला म्हणून विकायला बंदी आहे, ती ह्याचसाठी. हात साबणानं धुवायचे, टबाचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतायचं नाही, काटा-परात वेगळी ठेवायची, आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी व गरोदर बाईनं लांबच राहायचं.

आणि पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं जमिनीवरचं कासव भाग्याचं म्हणून कुणी दिलं तर घेऊ नका. ते आपलं देशी कासव. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, ते विकत घेणं आणि पाळणं गुन्हा आहे. असं एखादं वाळकं कासव कुठं सापडलंच तर खोक्यात ठेवून वनखात्याला १९२६ वर फोन करावा.

बंडूच्या वजनाची नोंद पुतणी ठेवते, वडिलांच्या २०२३ च्या ऑफिसच्या डायरीत. जूननंतरची पानं कोरीच होती. डिसेंबरचं वजन तिनं डिसेंबरच्या पानावर लिहिलं. नवं वर्ष लागल्यावर ती मागं गेली आणि जूनच्या पहिल्या कोऱ्या पानापासून लिहू लागली. दर रविवारी एक पान. वाढलेल्या ग्रॅमांच्या बेरजा हल्ली तिची आई करते.