दाखव म्हटल्याशिवाय

सौभाग्यवतींचा रक्तदाब वहीत टिपून ठेवणे, हे निवृत्तीनंतर माझ्याकडे आलेले एकमेव जबाबदारीचे खाते. सकाळी एकदा, रात्री एकदा. तीन महिन्यांत १८० आकडे जमले. वरच्या आकड्याची सरासरी निघाली १२८. डॉक्टर म्हणाले, "उत्तम!" ही म्हणाली, "मग मला गरगरतं ते काय हौस म्हणून?"

पुतण्या म्हणाला, "काका, सरासरी कसली काढता? आलेख काढा," आणि त्याने माझ्या गळ्यात पायथन बांधला. हे नाव अजगरावरून नसून इंग्लंडातल्या एका विनोदी नटमंडळीवरून ठेवले आहे म्हणे. पुढचा अनुभव पाहता ते खरेच असावे. त्यात आलेखासाठी मॅटप्लॉटलिब नावाची आयत्या आज्ञांची पेटी असते. जॉन हंटर नावाच्या अमेरिकन मेंदूसंशोधकाने ती लिहिली, फेफऱ्याच्या रोग्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पडद्यावर नीट पाहता याव्यात म्हणून. २००३ साली ती बाहेर आली. म्हणजे घराणे वैद्यकीयच. मला धीर आला.

आकडे भरले, 'प्लॉट' अशी आज्ञा दिली. पडदा ढिम्म. पुन्हा दिली. चूक झाली असेही म्हणेना. शेवटी पुतण्याला फोन.

"काका, 'शो' म्हणालात का?"

आमची एक मावशी अशीच होती. लाडू वळून डब्यात तयार. पण "मावशी, काढ की" म्हटल्याशिवाय डबा फळीवरून खाली यायचा नाही. हे यंत्रही चित्र मनातल्या मनात काढून बसते. 'शो' म्हणाल तेव्हा खिडकी उघडते.

उघडली! सकाळचे आकडे तांबडे, रात्रीचे निळे. तांबडी रेघ दीडशेच्या वर, निळी शंभराच्या आसपास. मधल्या त्या १२८ वर एकही ठिपका नव्हता. मी हिला हाक मारली. तिने पदराला हात पुसत बराच वेळ पाहिले आणि नुसते "बघा" म्हणाली.

खिडकी मिटली, मग चित्र साठवायची 'सेव्हफिग' ही आज्ञा दिली, फाईल पेनड्राइव्हवर घेतली, कोपऱ्यावरच्या दुकानात छापायला टाकून पाकीट थेट डॉक्टरांपुढे ठेवले. आत कोरा कागद! डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "रक्तदाब दिसत नाही," म्हणाले. ही छताकडे बघत होती.

खिडकी मिटली की चित्रही मोडीत जाते, आणि त्यानंतर साठवायला सांगितले तर यंत्र निमूटपणे नवा कोरा कागद साठवते, हे ज्ञान पुतण्याने रात्री दिले. आधी साठवायचे, मग दाखवायचे. (मावशीचेही तसेच होते.)

दुसऱ्या खेपेस चित्र उमटले. डॉक्टर चष्मा वर करून तांबड्या रेघेवरून बोट फिरवीत राहिले आणि तीन महिन्यांत प्रथमच त्यांनी हिला विचारले, "वहिनी, गोळी केव्हा घेता?"

"आठवेल तेव्हा," ही म्हणाली.

आता गोळीची वेळ टिपणे हेही माझ्याच खात्यात आले आहे. ती रेघ हिरवी.