माशांची टाकी आणि माझी चूक

घरात माशांची काचेची टाकी ठेवणे म्हणजे श्रीमंतांची हौस, असे मला पुष्कळ वर्षे वाटत असे. मी एका कार्यालयात लिपिक आहे, शिक्षण बी.कॉम. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमचे लहानसे घर. संध्याकाळी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका आणि सुटीच्या दिवशी सभा-बैठका, असा माझा दिनक्रम. अशा माणसाने मासे पाळण्यावर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. पण या टाकीने मला जो धडा शिकवला, तो चार लोकांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

शाळेत असताना सहलीत मी चर्नी रोडचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयातल्या माशांच्या गोष्टी मी आमच्या धाकट्या मुलीला सांगत असे. ती आता सहावीत आहे. गोष्टी ऐकून तिने आपल्या घरी मासे हवेत असा हट्ट धरला. मी दोन वर्षे टाळले. शेवटी ओळखीच्या एका कुटुंबाने घर बदलताना आपली जुनी टाकी आम्हाला देऊन टाकली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. खडी घातल्यावर तिच्यात सुमारे ४५ लिटर पाणी मावते. सोबत पाण्यात बुडवून ठेवायचा मोटारीचा एक छोटा फिल्टरही होता. आम्ही दोन गोल्डफिश आणि सहा गप्पी आणले. मुलीच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

हा आनंद दोन महिने टिकला नाही. एकेक मासा मरू लागला. सकाळी उठावे तर एखादा पाण्यावर उलटा तरंगत असे. पाणी तर आरशासारखे स्वच्छ! कारण दर रविवारी सकाळी बैठकीला जाण्यापूर्वी मी टाकी रिकामी करून खडी, काच आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धूत असे. स्वच्छतेवर लोकांना भाषणे देणारा माणूस मी, माझ्या घरची टाकी अस्वच्छ कशी राहील? मग दोष कोणाचा? मी मुलीला रागावलो. "तूच त्यांना जास्त खायला घालतेस. जीव सांभाळता येत नसेल तर पाळायचे कशाला?" ती म्हणाली, "पप्पा, मी दोनच चिमटी घालते." मी ऐकून घेतले नाही. त्या दिवसापासून तिने टाकीजवळ बसणे सोडले.

त्यातच जुन्या फिल्टरची मोटार खडखड करू लागली. नवा घेणे भाग होते, म्हणून मी एका दुकानात गेलो. दुकानदाराने टाकीबाहेर ठेवायचा डब्याचा मोठा फिल्टर दाखवला. आत तीन थर, वर जंतू मारणारा अतिनील दिवा. "साहेब, हे लावा. पाणी शंभर टक्के शुद्ध, परत बघायलाच नको." किंमत ५,२०० रुपये. मुलीचा उतरलेला चेहरा डोळ्यांसमोर होता. सणाची उचल घेऊन तो फिल्टर आणायचे मी मनात ठरवूनही टाकले.

घरी हे सांगितल्यावर पत्नीने एकच प्रश्न विचारला, "अहो, पण पाण्यात नेमके काय आहे, जे हे यंत्र काढणार?" मला उत्तर देता आले नाही. महिनाअखेरीला दहा-दहा रुपयांचा हिशेब जुळवणारा मी, पाच हजारांची वस्तू कशासाठी घेतो आहे हे मलाच ठाऊक नव्हते.

आमच्या अभ्यासिकेत पूर्वी येणारी एक मुलगी आता सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते. एका गुरुवारी तिला घरी बोलावले. तिने येताना पाण्यातला अमोनिया तपासायचे थेंब आणले होते. टाकीतले पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात थेंब टाकले. पाणी पिवळे राहिले तर अमोनिया नाही, हिरवे झाले तर आहे. माझे आरशासारखे स्वच्छ पाणी बघता बघता हिरवे झाले.

मग तिने विचारले, "काका, मासे कधी कधी मेले, काही नोंद आहे का?" मी नाही म्हणणार तोच धाकटी उठली आणि दप्तरातून एक वही घेऊन आली. तिने पहिल्या दिवसापासून तारीखवार लिहिले होते. सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक चिमूट. कोणता मासा कधी मेला तेही. सात मासे मेले होते. तीन सोमवारी, चार बुधवारी-गुरुवारी. शुक्रवार, शनिवार, रविवार कोरे. मी नोंदवह्यांवर पोट भरणारा माणूस, पण माझ्याच घरातली ही वही उघडून पाहावी असे मला कधी सुचले नाही.

त्या विद्यार्थिनीने मग सारे उलगडून सांगितले. मला ते माझ्या कार्यालयाच्या भाषेत समजले, तसेच सांगतो. टाकी म्हणजे एक कार्यालय धरा. मासे श्वास घेताना कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजूनही तोच होतो. ही झाली आवक. अमोनिया माशांना विष आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही. टाकीतल्या स्पंजावर, खडीवर, काचेवर सूक्ष्म जिवाणू वस्तीला येतात. पहिल्या टेबलावरचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या टेबलावरचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य. आठवड्याला थोडे पाणी बदलले की ते बाहेर जाते. ही झाली जावक. अशा जिवाणूंचा शोध सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास लावला.

म्हणजे पाणी शुद्ध करणारे खरे कामगार हे जिवाणू. फिल्टर हे फक्त त्यांचे घर आणि त्यांच्यापर्यंत पाणी व प्राणवायू पोहोचवायची सोय. मी मात्र दर रविवारी सगळे कर्मचारी नळाच्या पाण्याखाली धुऊन काढत होतो. नळाच्या पाण्यात आपल्यासाठी जंतुनाशक म्हणून क्लोरीन असते. ते जिवाणूंना मारते आणि माशांचे कल्लेही भाजून काढते. सोमवारी मेलेले मासे बहुधा क्लोरीनने गेले. पुढे टेबले रिकामी, आवक चालूच. म्हणून बुधवार-गुरुवारचे मृत्यू अमोनियाचे. वहीच साक्षीला होती.

पाहुणी गेल्यावर मी मुलीला जवळ बसवले आणि म्हणालो, "चूक तुझी नव्हती, माझी होती. मी तुला उगाच बोललो." ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठून तिने वहीत काहीतरी लिहिले. आपण बाहेर समाजाला सांगतो की कारण तपासल्याशिवाय कोणाला दोष देऊ नका. घरातल्या लहान माणसाला हा न्याय लावायचा राहून जातो.

आता फिल्टर निवडणे सोपे झाले. वाचकांपैकी कोणाला टाकी ठेवायची असेल तर ही माहिती कामी येईल.

सर्वांत स्वस्त आणि लहान टाकीला पुरेसा म्हणजे स्पंज फिल्टर. एक हवेचा पंप नळीने स्पंजात हवा सोडतो. बुडबुडे वर जाताना पाणी स्पंजातून ओढून घेतात. कचरा स्पंजावर अडकतो, जिवाणू त्यावर वसतात आणि पाणी हलल्यामुळे त्यात प्राणवायूही मिसळतो. पिल्ले त्यात ओढली जात नाहीत, आणि पाण्यात मोटारच नसल्याने बिघडण्यासारखे फारसे काही नाही. दोष दोन. पंपाची घरघर ऐकू येते आणि स्पंज टाकीत दिसत राहतो. दुसरा प्रकार पाण्यात बुडणारा मोटारीचा. तो कचरा जोरात ओढतो, पण गप्पीसारख्या लहान माशांना त्याचा प्रवाह झेपत नाही. तिसरा टाकीच्या काठावर अडकवायचा, दिसायला चांगला, किंमत मधली. चौथा तो बाहेरचा डबा. मोठ्या टाकीला किंवा फार घाण करणाऱ्या मोठ्या माशांना तो योग्य, आमच्या ४५ लिटरला नव्हे. फिल्टरच्या खोक्यावर तासाला किती लिटर पाणी फिरते ते लिहिलेले असते. टाकीच्या चार-पाच पट आकडा असला की पुरे, म्हणजे आम्हाला २०० लिटरच्या आसपास.

अतिनील दिवा त्याच्याजवळून जाणारे जंतू आणि हिरवे शेवाळ मारतो, पण अमोनियाला तो हात लावत नाही. कोळशाच्या पुडीने रंग आणि वास जातो, अमोनिया नाही, आणि काही आठवड्यांत कोळसा निकामी होतो. एका शेजाऱ्यांनी पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणी घालायला सुचवले. त्या पाण्यातले क्षार बहुतेक निघून गेलेले असतात. क्षार परत न मिसळता नुसते तेच पाणी घातले तर गप्पींना ते मानवत नाही. शिवाय टाकीत रोज होणारा अमोनिया त्याने थांबत नाही तो नाहीच.

मी विजेचाही हिशेब मांडला. फिल्टर दिवसाचे चोवीस तास चालू ठेवावा लागतो. ३ वॅटचा हवेचा पंप महिन्याला सुमारे २ युनिट वीज घेतो. १२ वॅटची मोटार साडेआठ युनिटांच्या वर जाते. स्पंज फिल्टर २२० रुपये, पंप ३२०, नळी ३० आणि पाणी उलटे पंपात येऊ नये म्हणून लावायचा छोटा व्हॉल्व्ह ४०. एकूण ६१० रुपयांत काम झाले. सणाची उचल घ्यावी लागली नाही.

मात्र यंत्र लावले आणि लगेच मासे सोडले, असे करू नये. जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. उरलेली एक गोल्डफिश आम्ही मोठी टाकी असलेल्या एका परिचितांना दिली. गोल्डफिश मोठी होते, घाणही फार करते, लहान टाकीत तिला ठेवणे हा तिच्यावर अन्यायच. त्यांच्या जुन्या स्पंजाचे पिळलेले गढूळ पाणी मागून आणले आणि आमच्या नव्या स्पंजावर ओतले. दिसायला घाण, पण त्यातच कामगार होते. मासे नसताना रोज चिमूटभर खाणे टाकत राहिलो. ते कुजून होणाऱ्या अमोनियावर जिवाणू वाढतात. पाचव्या आठवड्यात थेंब टाकल्यावर पाणी पिवळे राहिले. नायट्राइटचेही थेंब मिळतात, त्यांनीही खात्री केली आणि मग सहा गप्पी आणले.

आता दर रविवारी फक्त पाव टाकी पाणी बदलतो. नळाचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवतो आणि क्लोरीन मारणारे थेंबही टाकतो, कारण पाण्यात क्लोरामाइन असेल तर नुसते ठेवून ते उडत नाही. स्पंज महिन्यातून एकदा, तोही टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळायचा. हात घालण्यापूर्वी विजेची पिन काढायची आणि वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवायची, म्हणजे पाणी ओघळले तरी खाली पडते, सॉकेटमध्ये जात नाही.

हे लिहीत असताना गप्पींना पिल्ले झाली आहेत. कुठलीही महाग वस्तू घेण्यापूर्वी ती नेमका कोणता दोष दूर करणार, हे विचारावे. आणि दोष कोणाचा हे ठरवण्यापूर्वी नोंदी पाहाव्यात, त्या सहावीतल्या मुलीच्या असल्या तरी. धाकटीने वहीत आता एक नवा रकाना आखला आहे. त्यात तिने लिहिले आहे, "पप्पांनी स्पंज धुतला. टाकीच्याच पाण्यात." खाली माझी सही घेते.