दाढेचा अंदाज

गेल्या माघात उजवीकडची शेवटची दाढ काढली आणि माझं शेतीतलं एक हत्यारच गेलं. लाहीचा मका वाळला की नाही, हे मी त्या दाढेला विचारायचो. दाणा कडक तुटला तर तयार, दबला तर अजून आठ दिवस. आता डावीकडे चावून पाहतो, पण त्या बाजूला ही विद्या कधी शिकवलीच नव्हती.

माण तालुक्यात माझा अर्धा एकर अंबर जातीचा मका. पेरणी, खुरपणी, पाखरं राखणं यात सांगण्याजोगं काही नाही. घोडं अडतं ते ओलाव्यापाशी. दाण्यात साडेतेरा ते 14 टक्के पाणी हवं. कढईत 180 अंशांच्या आसपास त्याची वाफ साल फोडते. 16 टक्के असेल तर लाही आखूड आणि चिवट. 11 वर घसरला तर वाफच पुरत नाही, तळाशी गणंग. परतीचा पाऊस दाणा भिजवतो आणि पाठोपाठ कोरडं वारं सुटलं की तोच हाडासारखा होतो. म्हणून पाला मागे ओढून मी कणसांच्या वेण्या घालतो, वळचणीला सावलीत टांगतो. शेजारी कडक उन्हात पसरतात आणि मला हसतात. त्यांच्या दाण्याला केसभर तडे जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, कढईला दिसतात. मळणीयंत्राचंही तेच. मी कणसावर कणीस घासून दाणे काढतो. बोटं सोलतात, साल शाबूत राहते.

बाजारात पूर्वी भडभुंज्याची भट्टी होती. तापल्या वाळूत मूठभर दाणे टाकून तो नुसत्या आवाजावरून मालाची किंमत करायचा. आता तिथं काचेची गाडी आहे, पिवळा रंग आणि लोण्याचा वास. दाणा कुणाच्या रानातला, हे कुणी विचारत नाही.

मीही काही साधू नाही. पाहुणे आले की लाह्यांची परात पुढे नेण्याआधी गणंग वेचून कोंबड्यांना टाकायचो आणि वर म्हणायचो, “बघा, एक राहिला नाही!” बायकोला ठाऊक होतं. ती बोलली नाही.

यंदा नातीनं ओलावा मोजायचं यंत्र आणलं. “आजोबा, 12 दाखवतंय.”

“यंत्राला काय कळतंय? 14 आहे.”

तिनं वाद घातला नाही. 100 दाणे मोजून कढईत टाकले. 26 गणंग निघाले. मग किलोला 23 मिली पाणी घालून बरणी घट्ट लावली, रोज दोनदा हलवली. पाचव्या दिवशी पुन्हा 100 दाणे. या खेपेला 7.

सवयीनं मी वेचायला हात घातला, तर तिनं ताटली ओढून घेतली आणि आकडा वहीत लिहिला. “दाढ होती तेव्हा किती राहायचे, आजोबा?”

ते मी कधी मोजलेच नव्हते.